एका उकळीची डाळ

पाण्याची स्तुती ऐकून ऐकून मला पाण्याचाच राग यायला लागला होता, हे सांगितलं तर कोणाला खरं वाटणार नाही. त्यात मी पूर्णाकाठची. एदलाबादेकडच्या आमच्या गावात पाणी नदीत असायचं, घागर घेऊन जावं नि भरून आणावी; त्याच्याबद्दल बोलायचं काय असतं? पण लग्न होऊन धुळ्याला आले आणि चार नंबरच्या गल्लीत आमच्या घरमालकांच्या तावडीत सापडले. सगळी गल्ली त्यांना नाना म्हणायची. मीही नानाच म्हणायची, आणि मनात काय काय म्हणायची ते आता सांगून उपयोग नाही.

पहिल्या दिवसाचीच गोष्ट. टांग्यातून सामान उतरवतोय, अंगावर धुळीचा थर, घशाला कोरड, आणि दारात हा उंच, वाळका, पांढऱ्या मिशांचा म्हातारा दोन पितळी पेले घेऊन उभा. मला वाटलं, किती भला माणूस! आम्ही पाणी प्यालो. पेला खाली ठेवणार तोच म्हातारा म्हणाला, "साक्ष द्या." आमचे हे शाळामास्तर, जात्याच भिडस्त, त्यांना काही उमजेना. साक्ष कसली, तर पाण्याची. ह्यांनी आपलं "थंडगार आहे" म्हणून टाकलं. तेवढ्यावर कुठलं भागायला! गोड आहे का, हलकं आहे का, आजवर जिथं जिथं पाणी प्यालात त्यात ह्याचा नंबर कितवा, अशी उलटतपासणी सुरू झाली. टांगेवाला खोळंबून कुरकुर करायला लागला तर त्याच्याही हातात पेला दिला. त्याची साक्ष झाली, तेव्हा कुठे आम्हाला वरच्या खोल्यांचा जिना दिसला.

नाना कोर्टात नाझर होते. सारी हयात जप्त्या नि लिलाव करण्यात गेलेली. पेन्शन घेऊन ते कोर्टातून बाहेर पडले, पण कोर्ट काही त्यांच्यातून बाहेर पडलं नव्हतं. भाजीवालीला भाव सांगताना "एक वार, दोन वार" म्हणायचे आणि ती तिसऱ्या वाराला घाबरून भाजी देऊन टाकायची. घरात कोणाला हाक मारायची तर तीनदा. पण हे सगळं परवडलं असतं. खरा छळ होता तो परसातल्या आडाचा.

आड काही मोठा नव्हता. गोल, दगडी कठड्याचा, वर लाकडी रहाट. नानांच्या वडिलांनी खणलेला. पण त्याचे मानपान विचारू नका. दुपारी जेवणं झाली की उन्हं कलेपर्यंत पाणी काढायचं नाही, आड निजलेला असतो. बादली सोडताना दाणकन सोडायची नाही, तो दचकतो. कठड्यावर पाय ठेवायचा नाही, साबण घेऊन जवळ जायचं नाही, त्याच्या कानावर भांडण पडू द्यायचं नाही. मी एकदा मोलकरणीशी आडाजवळ हुज्जत घातली, तर ओसरीवरून आवाज आला, "सूनबाई, काय असेल ते दारात जाऊन भांडा." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, साऱ्या खानदेशात लेकी माहेरी येतात, झोके घेतात, सांजोऱ्या खातात. नानांना लेक नव्हती. एकच मुलगा, तो नागपुरात नोकरीला. तर आखाजीला नाना आडाच्या कठड्यावर सांजोरी ठेवायचे. म्हणायचे, ह्याचं सासर इथं, माहेरही इथंच, हा बिचारा जाणार कुठे? आम्ही बायका तोंडाला पदर लावून हसायचो.

पुढे गल्लीत नळ आले. शेजारीपाजारी तोटी फिरवून पाणी भरायला लागले. आमच्या दाराशीही नगरपालिकेचा माणूस आला. नानांनी त्याला बसवलं, पाणी पाजलं, साक्ष घेतली आणि पाठवून दिलं. "नळाचं पाणी बेवारशी," म्हणाले. "कुठून येतं, कोणाकोणाच्या दारावरून येतं, कोणी पाहिलंय?" झालं. सगळ्या गल्लीत फक्त आमच्या हाताला रहाटाच्या दोराचे घट्टे.

बाहेरगावी जायचं झालं की फिरकीचा तांब्या बरोबर. भाच्याच्या लग्नाला जळगावला गेले तर पंगतीत बसून यजमानाच्या देखत स्वतःच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. यजमान दुखावले. नाना शांतपणे म्हणाले, "राग मानू नका. रामाला एकपत्नीव्रत होतं, मला एकपाणीव्रत आहे." गावोगावच्या पाण्याबद्दल त्यांचे निकाल ठरलेले होते. जळगावचं पाणी तोंडाला बरं पण पोटाला नाही, भुसावळचं इंजिनाला द्यावं, चाळीसगावच्या ठेसनावरचं हात धुवायला ठीक. आमच्या पूर्णेवर तर त्यांचा खास डोळा. "तुमच्या नदीत म्हशी बसतात ना, सूनबाई?" असं दर चार दिवसांनी विचारायचे. बसतात म्हशी, म्हणून काय झालं? माझ्या माहेराबद्दल इतकं ऐकून घेतलं ते केवळ भाडं कमी होतं म्हणून.

आणि ह्या सगळ्यावर कळस म्हणजे डाळ.

खानदेशात वरण-बट्टीशिवाय पाहुणचार नाही, नि वरण म्हणजे तुरीची डाळ. डाळ शिजली तर पाणी चांगलं, नाही शिजली तर पाणी जड. ह्याहून दुसरी पारख आमच्याकडे कोणाला माहीत नव्हती. नाना ओसरीवर बसायचे आणि येईल त्याला मोठ्या आवाजात सांगायचे, "आमच्या आडाच्या पाण्यात डाळ एका उकळीत मेण होते. एका उकळीत! अख्ख्या धुळ्यात दाखवा असं पाणी." मग झऱ्याची कथा. पूर्वी म्हणे हा आडही जडच होता. त्यांच्या आईने सकाळी चढवलेली डाळ दुपारपर्यंत दाताखाली यायची. पण नानांचं लग्न झालं त्या वर्षी आड उपसला आणि तळाला नवा झरा लागला. "झरा लागला नि घराचं नशीब पालटलं," असं म्हणून ते मिशीवरून हात फिरवायचे. ही कथा मी इतक्या वेळा ऐकली की ती जिन्यावरून ऐकू आली की मी खोलीचं दार लावून घ्यायची.

आता माझी पहिली डाळ ऐका. बिऱ्हाड लावलं, चूल पेटवली, ह्याच नामी आडाचं पाणी आधणाला ठेवलं नि डाळ वैरली. उकळ्यांवर उकळ्या आल्या. लाकडं संपली, डोळ्यांना धूर लागून पाणी आलं, आणि डाळ आपली तश्शी. दाणा वेगळा, पाणी वेगळं. ह्यांची शाळेची वेळ झाली. खाली नानांचं सुरूच होतं, एका उकळीत मेण. मला वाटलं, झालं, पहिल्याच दिवशी लोक म्हणणार, पोरीला आईने काही शिकवलं नाही. मी रडकुंडीला आले.

तेवढ्यात अक्का वर आल्या. अक्का म्हणजे नानांच्या कारभारीण. ठेंगण्या, बारक्या, कपाळावर आडवं कुंकू, बोलणं जवळजवळ नाहीच. इतका बडबड्या नवरा असल्यावर बाईने बोलावं तरी केव्हा? त्यांनी काही विचारलं नाही. पातेल्यात डोकावल्या, पदराची गाठ सोडली, त्यातलं पांढरं काहीतरी चिमटीने डाळीत सोडलं. भसकन फेस वर आला नि बघता बघता डाळ विरायला लागली. पापडखार! आमच्याकडे तो पापडाला घालतात हे मला ठाऊक होतं, डाळीला घालतात हे त्या दिवशी कळलं. अक्का दारापर्यंत गेल्या आणि मागे वळून हळूच म्हणाल्या, "त्यास्ले सांगू नको, पोरी. त्यास्नी आडवर भलती माया शे. मन मोडी जाई."

म्हणजे बघा! झरा नाही नि बिरा नाही. पाणी प्यायला गार होतं, गोडही होतं, खोटं का बोलू. पण अंगाने जड ते जडच. साबण घासून घासून झिजायचा, फेस काही यायचा नाही. माझे केस काथ्यासारखे झाले होते. चहाच्या भांड्याला आतून पांढरी खापरी धरायची. नाना म्हणायचे, ती आडाची चांदी आहे, हाडाला चांगली. आणि त्या घरात राहून गेलेल्या एकूणएक भाडेकरणीला अक्कांनी पहिल्याच दिवशी असाच पापडखार दिला होता, तसंच बजावलंही होतं. मागच्या खोलीत एक शिंपीणबाई राहायची, तिने मला सांगितलं. इतक्या बायकांच्या तोंडात एक गोष्ट राहिली, हे नवलच म्हणायचं. पण अक्कांचा शब्दच तसा होता. ओरडून सांगितलेलं माणूस विसरतं, हळू सांगितलेलं मोडवत नाही.

मला तर पुढे त्यात गंमत वाटायला लागली. ओसरीवर नाना पाहुण्याला एका उकळीची डाळ ऐकवत असले की स्वयंपाकघरात अक्का माझ्याकडे बघून ओठ मुडपून हसायच्या, कसं फसवलं म्हाताऱ्याला, अशा. त्यांचा चेहरा तेव्हा सोळा वर्षांच्या पोरीसारखा दिसायचा. आमच्या ह्यांनी कधी माझ्या स्वयंपाकाला बरं म्हटलं नाही की वाईट म्हटलं नाही, ताटातलं संपलं की उठायचे. म्हणून असेल, पण मला वाटायचं, अक्का खपतात नि नाव मात्र आडाचं होतं. एकदा न राहवून मी त्यांना म्हटलंही, की तुम्हाला वाईट नाही वाटत? त्या म्हणाल्या, "त्यास्ले डाळ गोड लागस ना? मंग व्हयनं." लागते ना गोड, मग झालं. एवढ्यावर त्यांचं समाधान होतं. माझं नसतं झालं.

अक्का एका पावसाळ्यात गेल्या. हिवताप म्हणून निजल्या त्या उठल्या नाहीत. जायच्या आधी त्यांनी मला जवळ बसवून घेतलं, आणि मला वाटलं आता काही देवाधर्माचं, दागिन्यांचं सांगतील. तर म्हणाल्या, मिठाच्या बरणीमागे डबी आहे, संपत आली की भरून ठेवत जा.

अक्कांचे दिवस व्हायच्या आधीची एक गोष्ट मी कितीक वर्षं नानांना माफ केली नव्हती. लोक भेटायला येत होते. चटईवर बसायचे, खाली मान घालून काही बोलायचे. आणि नाना? नाना त्यांना पाणी द्यायचे नि सांगायचे, "ह्या पाण्यात डाळ एका उकळीत मेण होते. अख्ख्या धुळ्यात असं पाणी नाही." पुन्हा झरा, पुन्हा लग्नाचं वर्ष, सगळं साग्रसंगीत. येणारे एकमेकांकडे बघायचे. एकजण बाहेर पडता पडता म्हणाला, म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. मला तसंही वाटलं नाही. मला वाटलं, हा माणूसच दगडाचा. जिने जन्मभर रांधून घातलं तिच्याबद्दल एक शब्द नाही, नि आडाचं कौतुक संपत नाही. मी वर जाऊन ह्यांच्यापाशी खूप चिडचिड केली. हे म्हणाले, "असतो एकेकाचा स्वभाव." पुरुष पुरुषाची बाजू घेणारच.

पण डबीची जबाबदारी माझ्यावर होती. नानांचं दोन वेळचं वरण मी खाली नेऊन द्यायची, खार घालून, अगदी अक्कांच्या पद्धतीने. चमत्कार असा, की माझ्या वरणावर त्यांनी कधी आडाचं नाव घेतलं नाही. "छान झालंय, सूनबाई," एवढंच म्हणून ताट सारायचे. मला त्याचाही रागच यायचा. म्हटलं, एवढा खटाटोप मी तुमच्या आडाच्या अब्रूसाठी करते, निदान आता तरी म्हणा ना, एका उकळीची!

पुढे नानांचे डोळे गेले. अगदी आंधळे नाही, पण उजेड-अंधार कळायचा नि माणसं आवाजाने ओळखायची. रहाटापाशी एकदा पडता पडता वाचले. मुलगा नागपुराहून आला, म्हणाला, घर विकू नि चला माझ्याकडे. मुलगा वाईट नव्हता, पण रजा थोडी आणि घाई फार. त्याने आल्या आल्या गिऱ्हाईक आणलं. एक तेलाचा व्यापारी, त्याला डबे ठेवायला वखार हवी होती. त्याने भिंती ठोकून पाहिल्या, परसात गेला, आड पाहिला नि म्हणाला, हा बुजवून टाकू, वर फरशी घालू, दोनशे डबे राहतील.

नाना त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही दोन घासच. मुलगा माझ्याकडे येऊन म्हणाला, वहिनी, तुम्ही तरी समजवा. मी काय समजावणार? मी खाली गेले तर नाना कठड्याला धरून उभे होते. माझी चाहूल ओळखून म्हणाले, "घर जाऊ दे. मला घराचं काही नाही. पण ह्याला नाही बुजवू द्यायचा. जो ह्याचं पाणी पिईल त्यालाच घर." आडासाठी इतका जीव टाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

असं गिऱ्हाईक मिळणार कुठून, नळ आल्यावर आड कोणाला हवा? पण मिळालं. बाजारात कापडाचं दुकान असलेले एक मारवाडी शेठ होते, जैन. त्यांची आई फार सोवळी. आम्ही त्यांना माजी म्हणायचो. माजी नळाच्या पाण्याला शिवायच्या नाहीत. आडाचं पाणी हाताने काढायचं, दुहेरी फडक्यातून गाळायचं, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव मरू नयेत म्हणून ते फडकं त्याच आडाच्या पाण्यात हलक्या हाताने परत खंगाळायचं, असा त्यांचा धर्म. दुकानावरच्या घरात फक्त नळ. म्हणून म्हातारीला रोज लांबून पाणी आणवावं लागायचं. शेठना आडाचंच घर हवं होतं. आणि नानांच्या डाळीची कीर्ती माजींच्या कानावर गेलेली. त्यांना दात उरले नव्हते, जेवण म्हणजे डाळ नि भात. त्यांनी निरोप धाडला, पाणी पाहायला येते.

आमच्या गल्लीत घर विकायचं म्हणजे भिंती नि वासे पाहायला पुरुष यायचे आणि पाणी पाहायला बायका. घेणाऱ्याच्या बायकांनी स्वतःची डाळ, स्वतःचं पातेलं घेऊन यायचं, विकणाऱ्याच्या चुलीवर त्याच्याच आडाच्या पाण्यात डाळ चढवायची. पुरुषांची बोलणी होईतो डाळ शिजली तर इसाराचा रुपया हातावर पडायचा. नाही शिजली तर सुपारी खाऊन सगळे उठायचे. नानांच्या मुलाने मला बाजूला घेऊन सांगितलं, डाळ शिजली तर ठीक, नाहीतर संध्याकाळी तेलवाल्याचा इसार घेतो, उद्याची गाडी आहे.

म्हणजे आड राहतो की बुजतो हे आता माझ्या हातात होतं. मी सकाळी डबी उघडली, पदराच्या गाठीला भरपूर खार बांधला नि खाली उतरले. देवाचं नाव घेतलं, अक्कांचंही घेतलं.

माजी आल्या. पांढरं लुगडं, वाकलेली पाठ, पण नजर तीक्ष्ण. त्यांनी स्वतः उभं राहून पाणी काढवलं, गाळलं, फडकं आडात खंगाळलं. पडवीतच चूल मांडली होती, म्हणजे पुरुष ओसरीवरून बघू शकत होते. डाळ चढली. माजी चुलीपुढून हलेनात. एक उकळी आली, दुसरी आली. डाळ आपली तश्शी. ओसरीवर बोलणी जवळजवळ संपली होती, मुलगा सारखा इकडे बघत होता. नाना मात्र गप्प. जन्मात पहिल्यांदा पाण्याबद्दल बोलत नव्हते. एवढ्यात माजींना भाताला पाणी गाळायचं आठवलं, त्या वळल्या, आणि मी पुरुषांकडे पाठ करून, गाठ सोडून चिमूट टाकली. फेस आला तो मी पळीने मोडला. काय व्हायचं ते होऊ दे.

माजींनी परत येऊन पळीवर दाणा घेतला, अंगठ्याखाली चिरडला. मेण! त्यांचा चेहरा उजळला. त्या तशाच वाकत वाकत आडापाशी गेल्या, हात जोडले आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, आमच्या मुलखात सुद्धा असं पाणी नाही, मोठा पुण्यवान आड आहे. शेठनी खिशातून रुपया काढला.

"थांबा, शेठ," नाना म्हणाले. "रुपया हातातच राहू द्या. ह्या डाळीत पापडखार आहे."

मुलगा उठून उभा राहिला, "नाना, काय बोलताय!" नानांनी त्याला हाताने बसवलं. माजींचा आवाज जिकडून आला होता तिकडे तोंड करून बोलायला लागले. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

"आडाचं पाणी जड आहे, माजी. माझ्या बापाने खणला तेव्हापासून जड आहे. झराबिरा काही लागला नव्हता. त्या वर्षी ती ह्या घरात आली होती. मला पहिल्याच आठवड्यात कळलं. पाणी तेच, चूल तीच. आईची डाळ दाताखाली यायची नि हिची जिभेवर विरघळायची. न कळायला मी काय खुळा होतो? पण बायकोचं कौतुक चारचौघांत करायची आमच्यात चाल नव्हती. आईच्या देखत तर नाहीच नाही. मग मी आडाचं करत गेलो. आडाचं कौतुक केलं तर कोण काय म्हणणार? तिला वाटायचं, ह्यांना ठाऊक नाही. मीही तसंच वाटू दिलं. तिला त्यात आनंद होता. आता तुम्ही आडाला हात जोडलेत. ह्या घरातलं हे शेवटचं कौतुक. ते तरी तिच्या नावावर पडू दे. मग तुम्ही घर घ्या, नका घेऊ. सूनबाईवर राग धरू नका, ती तिच्याच हाताखाली शिकलीय."

माझ्या डोळ्यांपुढे सगळं फिरलं. नाना ओसरीवर बसून येईल त्याला ऐकवायचे, तोंड पाहुण्याकडे नसायचंच. मान वळवून, आतल्या दाराला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायचे. आणि अक्का गेल्यावर चटईवर बसलेल्या लोकांना ते सारखं सांगत होते, असं पाणी अख्ख्या धुळ्यात नाही. मी म्हटलं होतं, दगड आहे. तो माणूस आमच्यासमोर रडत होता, आणि आम्हाला कोणाला समजलं नव्हतं.

मुलगा मान खाली घालून बसला होता. तोही त्याच डाळीवर वाढलेला. शेठनी आईकडे पाहिलं. माजी पातेल्यापाशी येऊन बसल्या. बराच वेळ आत बघत राहिल्या, आणि मग त्यांनी मला विचारलं, "खार कितना डालना?"

मी उत्तर देणार तोच नानांनी हात पुढे केला. मी जवळ जाऊन गाठ सोडून धरली. ज्याने आयुष्यात स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडला नव्हता त्या माणसाने चाचपडत अंगठा नि दोन बोटांनी खार उचलला. करंगळी वर, मनगट किंचित वळलेलं. अक्का अश्शाच उचलायच्या. मी रोज बघायची नि मला ते कधी दिसलं नव्हतं.

"इतली," नाना म्हणाले.

आणि डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणा, भान नव्हतं म्हणा, त्यांनी ती चिमूट पातेल्यात सोडली. डाळीत खार आधीच होता. फेस भसाभसा वर आला, डाळ पिवळीजर्द झाली, साबणासारखा वास सुटला. बिघडलीच. माजींनी वाट्या मागितल्या. सगळ्यांना वाढली, स्वतः घेतली, पहिला घोट घेतला, आणि पुन्हा पळी बुडवून वाटी भरली. शेठनी रुपया नानांच्या मुठीत ठेवला नि वरून दोन्ही हातांनी ती मूठ दाबली.

मीही माझी वाटी संपवली. कडवट, बुळबुळीत, घशाला चरचरणारी डाळ. मग वाटी घेऊन आत गेले, अक्कांच्या रिकाम्या स्वयंपाकघरात, आणि पदर तोंडात धरून रडले. नानांसाठी नाही. मला इतकंच वाटत होतं, की अक्का असत्या तर त्यांचा ओला हात धरला असता, ओढत ओसरीच्या दारापाशी आणून उभं केलं असतं नि म्हटलं असतं, ऐका, हे सगळं तुमच्याबद्दल चाललंय.